खासदारांच्या ऑफिसात पहिलं बजेट सेशन: समितीतलं मतदान, मागण्या आणि एटीआर

संसदेच्या समितीत बजेटवर मतदान होतं का, हे फेलोशिपची तयारी करणारी मुलं मला हमखास विचारतात. नियमात मतदान आहे, प्रत्यक्षात ते फार क्वचित होतं, आणि तुम्ही जे काम करायला जाणार आहात ते जवळजवळ सगळं त्या मतदानाच्या आधीचं किंवा नंतरचं आहे. हे आधीच नीट समजलं तर पहिलं बजेट सेशन अंगावर येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी अर्थशास्त्रात बीए करून सोलापूरहून दिल्लीला गेले, पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या लॅम्प फेलोशिपवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयाची अट २५ पर्यंतची आहे, आणि पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशन संपेपर्यंत तुम्ही एका खासदारांबरोबर पूर्णवेळ काम करता. प्रश्न काढायचे, भाषणाचे मुद्दे तयार करायचे, बिलं वाचून नोट द्यायची, आणि खासदार ज्या स्थायी समितीवर असतील तिचा अभ्यास करायचा. यातला शेवटचा भाग सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा तोच आहे.

आता या समित्या म्हणजे काय. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी लोकलेखा समिती १९२१ पासूनची, अंदाज समिती १९५० मधली, ही नावं आपल्याला महाराष्ट्र विधिमंडळामुळेही ओळखीची असतात. पण मंत्रालयांशी जोडलेल्या ज्या स्थायी समित्या आहेत त्या १९९३ मध्ये आल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते आपल्या लातूरचे शिवराज पाटील. सुरुवातीला १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्री कोणी नाही. मुदत फक्त एक वर्षाची. म्हणजे खासदार विषय शिकतात न शिकतात तोवर समिती पुन्हा नव्याने बनते, आणि म्हणूनच मागच्या समितीने काय म्हटलं होतं हे कुणीतरी सांगायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

कॅलेंडर असं चालतं. २०१७ पासून बजेट १ फेब्रुवारीला येतं. सर्वसाधारण चर्चा होते, मग सभागृहाला काही आठवड्यांची सुट्टी मिळते, आणि बाहेरच्या लोकांना वाटतं खासदार आता मोकळे झाले. खरं तर त्याच काळात प्रत्येक समिती आपापल्या मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी मंत्रालयाने संसदेकडे मागितलेले पैसे, तपासत असते. मंत्रालय आधी लेखी माहिती पाठवतं, समितीचं सचिवालय प्रश्नांची यादी काढतं, मग सेक्रेटरी आणि त्यांचे अधिकारी समोर येऊन बसतात आणि खासदार त्यांना विचारतात की मागच्या वर्षी इतके मागितले होतेत, खर्च का नाही झाले. मंत्र्यांना सहसा बोलावत नाहीत. नंतर ड्राफ्ट रिपोर्ट बनतो, सदस्यांकडे जातो, एका बैठकीत तो स्वीकारला जातो आणि सुट्टी संपली की सभागृहात मांडला जातो.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की लक्षात ठेवा, या बैठका बंद दाराआड होतात. तुम्ही आत बसू शकत नाही, आत काय बोलणं झालं ते रिपोर्ट मांडेपर्यंत गोपनीय असतं, आणि ड्राफ्टही गोपनीयच. त्यामुळे कुणाला आत काय झालं हे विचारत फिरू नका आणि खासदारांकडेही ड्राफ्ट मागू नका. तुमच्या हातात जे आहे ते सगळं छापील आणि उघड आहे, बजेटची कागदपत्रं, मंत्रालयाच्या तपशीलवार मागण्या, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल, समितीचे जुने रिपोर्ट, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं. एवढं वाचून संपता संपत नाही.

तर मतदान. लोकसभेच्या नियमावलीत नियम २६१ सांगतो की समितीतला कुठलाही प्रश्न हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने ठरेल, २६२ सांगतो की मतं समसमान झाली तर अध्यक्षांचं निर्णायक मत, आणि २५९ प्रमाणे गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांशची. कागदावर इतकं स्वच्छ आहे. पण स्थायी समित्यांच्या रिपोर्टबद्दल नियमच म्हणतो की तो व्यापक सहमतीवर आधारलेला असावा, आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपलं वेगळं मत लिहून, जोडावी. त्यामुळे होतं असं की हात वर करायची वेळ येण्याआधीच एखादं वाक्य मऊ केलं जातं, "समितीला तीव्र नापसंती वाटते" च्या जागी "समितीला अपेक्षा आहे" येतं, आणि रिपोर्ट एकमताने जातो. शिवाय मागण्यांच्या रिपोर्टमध्ये समितीने कपात सूचनेसारखं काही सुचवायचंच नाही असं बंधन आहे, म्हणजे अमुक योजनेचे पैसे इतके कमी करा असं ती लिहू शकत नाही. आणि नियम ३३१एन प्रमाणे रिपोर्टला सल्ल्याचं वजन आहे, सरकारवर तो बंधनकारक नाही.

हे वाचून काही मुलं नाराज होतात, म्हणतात मग उपयोग काय. थांबा, त्याकडे येतेच. आधी मतदान खरोखर झालं की काय होतं ते पाहा. एप्रिल २०११ मध्ये लोकलेखा समितीत टूजी स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल लहरींच्या वाटपातल्या घोटाळ्याच्या आरोपांवरचा, ड्राफ्ट आला, अध्यक्ष होते मुरली मनोहर जोशी. सत्ताधारी बाजूच्या सदस्यांना सपा-बसपाच्या सदस्यांची साथ मिळाली, २१ पैकी ११ जण एका बाजूला झाले, जोशी बैठक सोडून निघून गेल्यावर या अकरा जणांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष म्हणून निवडलं आणि ड्राफ्ट फेटाळला. जोशींनी तरीही रिपोर्ट लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला, त्यांनी तो परत केला. इतक्या महिन्यांच्या साक्षी, कागद, अधिकाऱ्यांची उलटतपासणी, आणि त्यातून समितीचा स्वीकृत रिपोर्ट म्हणून काहीच हातात उरलं नाही. सहमतीला लोक बोटचेपेपणा म्हणतात, मला तसं वाटत नाही. विरोधी आणि सत्ताधारी दोन्ही बाजूंच्या संमतीने सरकारला "तुमचा खर्च झाला नाही" असं सांगणारा कागद आपल्याकडे दुसरा कुठला नाही.

आणि असा कागद किती बोलका असतो याचं उदाहरण देते. मार्च २०२३ मध्ये कृषी समितीच्या रिपोर्टमध्ये आलं की कृषी विभागाने २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांत मिळून सुमारे ४४ हजार कोटी रुपये न वापरता परत केले. ज्या भागात पीकविमा आणि सिंचनावरून रोज बोलणं होतं त्या भागातून आलेल्या मुलीला हा आकडा वाचून कसं वाटलं असेल ते तुम्हीच समजा. मंत्रालयाचं म्हणणं होतं की ईशान्येकडची राज्यं, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी क्षेत्र उपयोजना यांच्याखाली पैशांची गरज कमी पडली. समितीने ते मान्य केलं नाही, पैसे परत करायची ही पद्धत थांबवा असं सांगितलं. आता गंमत बघा, त्याच वर्षी लोकसभेत मंत्रालयांच्या मागण्या चर्चेशिवाय गिलोटिनने, म्हणजे सगळ्या एकदम मताला टाकून, मंजूर झाल्या. म्हणजे कृषीच्या खर्चाबद्दल त्या वर्षी खासदारांनी जे काही बारकाईने विचारलं असेल ते त्या बंद खोलीतच विचारलं. उपयोग काय याचं माझं उत्तर हे आहे.

पण रिपोर्ट वाचून थांबू नका, खरा माल एटीआरमध्ये आहे, म्हणजे ॲक्शन टेकन रिपोर्ट, शिफारशींवर सरकारने काय केलं याचा. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं आणि समिती त्या उत्तरांवर पुन्हा रिपोर्ट काढते, त्यात पाच प्रकरणं असतात. पहिलं समितीचं स्वतःचं म्हणणं, दुसरं सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसरं उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या, चौथं ज्यांची उत्तरं समितीला पटली नाहीत, पाचवं ज्यांची अंतिम उत्तरं अजून यायची आहेत. नवीन माणसाने थेट चौथं आणि पाचवं उघडावं. तिथे जे सापडतं त्यावरून प्रश्न तयार होतात, शून्य प्रहराचा मुद्दा तयार होतो, पुढच्या वर्षीच्या मागण्यांची नोट तयार होते. "विचाराधीन आहे", "राज्यांना कळवण्यात आलं आहे" असली उत्तरं दोन-तीन वर्षांची शेजारी शेजारी लावून ठेवा, तेच वाक्य जसंच्या तसं परत आलेलं दिसेल. मंत्र्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीबद्दल सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करायचं असतं, तेही शोधून वाचा, ते बहुतेक कुणी वाचत नाही.

बजेटची कागदपत्रं वाचताना एकच सवय लावून घ्या, प्रत्येक योजनेसमोर तीन आकडे लिहा, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, ऑफिसात यांना बीई, आरई आणि ॲक्चुअल म्हणतात. फक्त या वर्षीचा बीई मागच्या वर्षीच्या बीईशी लावून "वाढ झाली" असं लिहिणारी नोट खासदारांना अडचणीत आणू शकते, कारण समोरचा सेक्रेटरी आरई काढून दाखवतो. तीन वर्षांचे तीन आकडे असले की तरतूद मोठी आणि खर्च छोटा ही गोष्ट आपोआप दिसते.

आता बजेटच्या नियमांचा विषय, हा मुलाखतीतही विचारतात आणि मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. एफआरबीएम कायदा, म्हणजे सरकारने किती तूट करावी यावर स्वतःलाच घातलेली मर्यादा. त्याचं बिल डिसेंबर २००० मध्ये लोकसभेत आलं आणि अर्थविषयक स्थायी समितीकडे गेलं. मूळ बिलात राजकोषीय तूट जीडीपीच्या २ टक्क्यांवर आणायचा आकडा होता. २००३ मध्ये कायदा झाला तोवर तो आकडा कायद्याच्या मजकुरातून निघाला होता, महसुली तूट संपवायची तारीख तेवढी कायद्यात राहिली आणि वर्षावर्षाचं लक्ष्य रुल्सवर सोपवलं गेलं, जुलै २००४ पासून तो लागू झाला. इतका वेळ लागला म्हणून त्यावर टीका झाली, पण निदान खासदारांना तो ओळ न ओळ वाचता आला.

नंतर काय झालं ते बघा. २००४ मध्ये तारीख पुढे गेली, २०१२ मध्ये बदल झाला, २०१८ मध्ये तर मोठा बदल झाला, केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणि केंद्र-राज्य मिळून ६० टक्क्यांवर आणायचं लक्ष्य २०२४-२५ साठी ठेवलं गेलं, आणि हे सगळे बदल वित्त विधेयकातून आले. वित्त विधेयक बजेटबरोबर येतं, स्थायी समितीकडे जात नाही, ते धन विधेयक असल्यामुळे राज्यसभा १४ दिवसांत फक्त शिफारस करू शकते. म्हणजे तुटीचा नियम बनवताना समितीला विचारलं आणि तो बदलताना करांच्या कलमांच्या गर्दीत तो पुढे सरकला. मला हे चूक वाटतं आणि मी ते माझ्या नोटमध्येही लिहिलं होतं, खासदार कुठल्या पक्षाचे आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही, कारण हे बदल वेगवेगळ्या सरकारांनी याच रस्त्याने केले. महाराष्ट्राचाही असाच कायदा आहे, २००५ चा, राज्याच्या बजेटवर लिहिणाऱ्यांनी तो काढून वाचावा.

नोट कशी लिहायची हे मला ऑफिसातल्या पीए काकांनी शिकवलं. एक पान, वर तीन प्रश्न, खाली प्रत्येक प्रश्नाचा आधार कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर आहे ते, बस. खासदार गाडीत वाचणार असतात, कधी लिफ्टमध्ये. मतदारसंघातलं उदाहरण एक तरी द्या पण ते खरं असू द्या, तालुक्याच्या ऑफिसात फोन करून खात्री करा. आणि "समितीने विचारावं की" अशी सुरुवात करू नका, प्रश्न सरळ त्यांच्या तोंडून निघेल तसा लिहा, "मागच्या वर्षीच्या रिपोर्टच्या अमुक शिफारशीवर तुम्ही सप्टेंबरपर्यंत मुदत मागितली होती, ते काम झालं का?" असा. मंत्रालयाला असे प्रश्न सगळ्यात जड जातात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी भाषेची काळजी करू नये, कागदपत्रं इंग्रजी आणि हिंदीत असतात, पहिले काही आठवडे वेळ लागतो, मग शब्द तेच तेच येतात, मागणी, मुख्य शीर्ष, पुनर्विनियोजन, लेखानुदान. खासदारांना सभागृहात मराठीत बोलायचं असेल तर तशी सोय आहे, मग भाषणाचे मुद्दे तुम्हालाच मराठीत काढायचे असतात आणि तिथे आपली मुलं फार पुढे असतात.

अर्ज करण्याआधी एक काम करा. तुमच्या जिल्ह्याशी संबंध असलेलं एक मंत्रालय निवडा, जलशक्ती, वस्त्रोद्योग, कृषी, काहीही. त्याच्या समितीचा मागण्यांवरचा एक रिपोर्ट आणि त्याच रिपोर्टचा एटीआर लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, आणि चौथ्या प्रकरणातल्या एका शिफारशीवर एक पान लिहा. मुलाखतीला जाताना ते पान सोबत न्या, बोलणं तिथूनच सुरू होईल.