आधी गुण, मग गरज

सोलापुरात सात-सातच्या फुटबॉलसाठी आळीपाळीने खेळाडू निवडायचे असतील, तर आदल्या रात्रीच सगळ्यांना गुण द्या, कोण कुठे खेळतो ते न बघता, आणि गुणांप्रमाणे खेळाडूंचे तीन-चार गट पाडा. आपली पाळी आली की वरच्या गटातला उचला. गरज बघायची ती एकाच गटातल्या दोघांत. गोलकीपर तेवढा अपवाद: चांगले दोनच असतील तर दुसऱ्या फेरीतच घ्या, नाहीतर स्ट्रायकरच्या हातात हातमोजे येतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये २००५ साली ग्रीन बे पॅकर्स या संघाने ब्रेट फार्व्ह हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) असतानाही अशाच निवडीत २४ व्या क्रमांकावर त्याच जागेचा ॲरन रॉजर्स घेतला. तो मुख्य क्वार्टरबॅक झाला २००८ मध्ये. आपली स्पर्धा दोन दिवसांची, एवढं थांबणं परवडत नाही. शेवटच्या दोन पाळ्या मात्र आपल्याकडच्या उन्हात पळणाऱ्या बदली खेळाडूंसाठीच राखा.