घरातील ज्येष्ठांना औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, तर काय करावे

बेळगावात 1963 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, बिम्स हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. अशा शहरात रुग्णतपासणीच्या बरोबरीने संशोधनही चालते. त्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा हुक्केरी भागातून मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी किंवा विस्मरणाच्या तक्रारीसाठी आलेल्या साठी-सत्तरीच्या रुग्णाला "एका संशोधनात भाग घ्याल का?" असे कधीतरी विचारले जाऊ शकते. त्या वेळी आजी-आजोबांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुलानातवंडांनी काय पाहावे, काय विचारावे आणि कोणत्या गोष्टीवर अडून बसावे, हे या लेखात सांगितले आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा निर्णय ज्येष्ठ व्यक्तीचा स्वतःचा आहे, आणि तो तिला समजणाऱ्या भाषेतच व्हायला हवा. बाकीच्या सूचना त्याच्या आधाराला आहेत.

ज्येष्ठांवर वेगळे संशोधन कशासाठी

वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता कमी होते, यकृतातून औषध हळू बाहेर पडते आणि उठून उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. चाळिशीतल्या माणसाला मानवणारी मात्रा ऐंशीच्या माणसाला चक्कर आणून पाडू शकते. तरीही अनेक चाचण्यांमध्ये वयाची वरची मर्यादा घातलेली असते, किंवा दोन-तीन आजार एकत्र असलेल्या व्यक्तींना वगळले जाते. परिणामी जे औषध सर्वाधिक वृद्धच घेतात, त्याचा पुरावा मात्र तरुणांच्या शरीरावरून काढलेला असतो.

हा पुरावा प्रत्यक्ष वृद्धांमध्ये तपासला, तेव्हा काय हाती आले ते दोन उदाहरणांवरून दिसते. ऐंशी वर्षांवरील माणसाचा वाढलेला रक्तदाब औषधाने खाली आणावा की नाही, याबद्दल डॉक्टरांमध्येच दुमत होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या हायव्हेट या चाचणीत ऐंशी किंवा अधिक वयाच्या 3,845 व्यक्ती होत्या. औषध घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण 64 टक्क्यांनी कमी आढळले. दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. हृदयविकार नसलेल्या वृद्धांनीही खबरदारी म्हणून रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घ्यावी, हा समज फार पसरलेला होता. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील 19,114 ज्येष्ठांवर झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. त्या गोळीने अपंगत्वाविना आयुष्य वाढले नाही, उलट गंभीर रक्तस्राव 2.8 टक्क्यांवरून 3.8 टक्क्यांवर गेला. (ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी मुळीच थांबवू नये.) या दोन्ही गोष्टी हजारो वृद्धांनी काही वर्षे आपला वेळ आणि रक्ताचे नमुने दिले म्हणून कळल्या. "आमच्यावर प्रयोग करतात" एवढे म्हणून विषय मिटवण्याआधी हे लक्षात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आधी ओळखावे, हे संशोधन कोणते

सगळे संशोधन औषधाचे नसते. काही वेळा फक्त प्रश्न विचारले जातात, वजन, रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकद मोजली जाते, रक्ताचा नमुना घेतला जातो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीची पहिली फेरी 2017-18 मध्ये झाली; तिच्यात 45 वर्षांवरील 72,000 हून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. अशा पाहणीत जोखीम कमी असते, पण रक्ताचा नमुना किती काळ ठेवणार, त्यावर जनुकीय तपासणी होणार का आणि नाव गुप्त राहणार का, हे विचारावेच.

औषधाच्या चाचणीत मात्र एक मूलभूत गोष्ट समजून घ्यावी लागते. उपचारात डॉक्टर समोरच्या रुग्णाला काय योग्य ते ठरवतात. चाचणीत कोणाला कोणते औषध मिळेल हे बहुधा चिठ्ठी टाकावी तसे संगणकाने ठरते, आणि एका गटाला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी मिळू शकते. म्हणून "माझ्या आईला नवे औषध मिळणार" असे गृहीत धरू नये. "दुसऱ्या गटाला काय देणार आहात? आईची आत्ताची औषधे बंद होणार का?" हे दोन प्रश्न कोणत्याही संकोचाशिवाय विचारावेत.

कागद मराठीत मागावा

सीमाभागात सर्वाधिक अडचण येथेच येते, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. आपल्या भागातील सत्तरीच्या पुढची पुष्कळ माणसे मराठी शाळेत शिकली, किंवा शाळेत गेलीच नाहीत. बाजारापुरते कन्नड त्यांना बोलता येते, पण कन्नड लिपीतील आठ-दहा पानांचा मजकूर वाचता येत नाही. नातवाला तो वाचता येतो. मग होते असे, की नातू पाने चाळतो, "आजी, शुगरच्या नव्या गोळीचं आहे, काही धोका नाही" असे दोन वाक्यांत सांगतो आणि आजी सही करते किंवा अंगठा उठवते. नातवाचा हेतू चांगलाच असतो; पण ही संमती नव्हे.

औषधांच्या चाचण्यांसाठी देशात 2019 चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. त्यांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा साध्या भाषेत द्यावी लागते. तेव्हा "आईला मराठी वाचता येते, मराठी माहितीपत्रक द्या" असे सरळ आणि नम्रपणे सांगावे. मराठी प्रत तयार नसेल, तर ती तयार करून एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनाला मान्यता देऊन सहभागींच्या हिताकडे पाहणाऱ्या समितीकडून, मंजूर करून घेता येते. तेवढे दिवस थांबायला हरकत नसते. तोंडी भाषांतरावर सही करण्याची घाई कोणी करत असेल, तर त्या दिवशी सही करू नये. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या बाबतीत संशोधनाशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा लागतो आणि त्याने सही करावी लागते. त्याच कक्षातील कर्मचाऱ्याला साक्षीदार म्हणून उभे केले जात असेल, तर आपण आक्षेप घ्यावा.

माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. संमतिपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव विचारतात, त्याने घाबरून जाऊ नये. नियमाने ती माहिती भरायची असते. घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागावा. परत जाताना आजींना त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे: "तुला काय करणार म्हणाले गं ते?" त्यांना चाचणी किती महिने चालणार, किती वेळा रक्त काढणार आणि नको वाटल्यास सोडता येते, एवढे तीन मुद्दे सांगता आले, तर बोलणे नीट झाले असे समजावे. सांगता आले नाहीत, तर डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन पुन्हा समजावून घ्यावे.

डॉक्टरांना नाही म्हणणे वृद्धांना फार जड जाते. वर्षानुवर्षे औषध देणारे डॉक्टरच विचारत असतील, तर त्यांचा मान राखण्यासाठी माणसे होकार देतात. त्यांना स्पष्ट सांगावे, की नकार दिला तरी नेहमीचे उपचार पूर्वीसारखेच चालू ठेवणे बंधनकारक आहे. स्मृतिभ्रंशामुळे निर्णय घेता येत नसेल, तर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. तरीही त्या व्यक्तीने हात मागे घेतला, तोंड फिरवले, तर तो नकारच मानावा.

स्मरणशक्तीची तपासणी कोणत्या भाषेत

विस्मरणाच्या संशोधनात तारीख, वार, ठिकाण विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. ही तपासणी कन्नड किंवा हिंदीत झाली, तर मराठी बोलणाऱ्या शहाण्या माणसाचेही गुण कमी पडतात आणि नसलेला आजार कागदावर येतो. शाळेत न गेलेल्यांचेही तसेच होते. आज तारीख कोणती ते आजींना सांगता येणार नाही, पण परवा एकादशी झाली आणि येत्या शनिवारी कोणत्या गावचा बाजार आहे हे त्या बिनचूक सांगतील. हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी अशा तपासणीची हिंदी आवृत्ती मुद्दाम बेतावी लागली, ती याच कारणाने. तिच्याविषयीचा शोधनिबंध 1995 साली प्रसिद्ध झाला. म्हणून "ही तपासणी मराठीत आणि कमी शिकलेल्यांसाठी तपासून घेतलेली आहे का?" असे विचारणे वावगे नाही. जाताना चष्मा आणि कानाचे यंत्र न विसरता न्यावे.

गोळ्यांची पिशवी रिकामी करून दाखवावी

चाचणीत घेण्यापूर्वी चालू औषधांची यादी विचारतात. तोंडी यादी सांगू नये. घरातील सगळी औषधे एका पिशवीत भरून न्यावीत आणि डॉक्टरांसमोर टेबलावर मांडावीत. बीपीची गोळी, शुगरची गोळी, गुडघे दुखले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी, झोपेची अर्धी गोळी, बद्धकोष्ठाचे चूर्ण, कोणीतरी दिलेला काढा, हे सगळे त्यात यावे. पाकिटे अर्धवट कापलेली असतात आणि नाव फाटून गेलेले असते. तशी पाकिटेही न्यावीत. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि रक्तदाब वाढवतात. ही गोष्ट लपली, तर नव्या औषधाचा दुष्परिणाम आणि जुन्या गोळीचा परिणाम यांतला फरक कोणालाच कळणार नाही. तंबाखू, मिश्री किंवा विडीची सवयही सांगावी. लाजेखातर ती लपवल्याने त्या माणसाचेच नुकसान होते.

भेटींचे वेळापत्रक घरच्या वेळापत्रकाशी जुळवावे

कणकुंबी-जांबोटीकडून सकाळी उपाशीपोटी रक्त देण्यासाठी निघालेल्या मधुमेही माणसाला वाटेतच साखर उतरून घाम आणि थरथर सुटू शकते. त्या दिवशी सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही, हे आदल्या भेटीतच लिहून घ्यावे. पिशवीत भाकरीची शिदोरी आणि थोडी साखर किंवा गूळ ठेवावा आणि रक्त देताच खाऊन घ्यावे. त्रास जाणवला, तर रक्त द्यायचे राहिले तरी चालेल, पण आधी साखर खावी.

पावसाळ्यात त्या भागातील रस्ते बंद पडतात. ऊसतोडीच्या दिवसांत घरात सोबत यायला माणूस नसतो. ठरलेल्या तारखेच्या किती दिवस मागेपुढे चालते, हे सुरुवातीलाच विचारावे. कर्नाटकातील महिलांना जून 2023 पासून राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, पण सोबतच्या मुलाचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचे काय, हे संशोधकांशी बोलून घ्यावे. प्रवासखर्च मागण्यात काहीही गैर नाही.

नोंदणी आणि एथिक्स कमिटी

देशातील औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते. जून 2009 पासून ती सक्तीची आहे आणि एप्रिल 2018 पासून पहिला सहभागी घेण्याआधीच ती करावी लागते. संशोधकांकडून नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि घरातील शिकलेल्या मुलाने वयाची मर्यादा, वगळण्याच्या अटी आणि केंद्रांची यादी तपासावी. शहराच्या नावाने शोधताना 2014 पूर्वीचे (Belgaum) आणि नंतरचे (Belagavi), दोन्ही इंग्रजी स्पेलिंग वापरून पाहावे.

एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असतात, आणि त्यांत एक सामान्य नागरिक व एक महिला असावीच लागते. कमिटीचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकात असतो. तो घरातल्या भिंतीवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा. संशोधकांविषयीच काही तक्रार असेल, तर ती तेथेच करायची असते.

इजा झाली तर

औषध सुरू झाल्यावर पडणे, गोंधळल्यासारखे बोलणे, काळी शौच, लघवी कमी होणे किंवा पायांवर सूज यांपैकी काही दिसले, तर "वयामुळे होते" असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी फोन करावा. दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले, तर चाचणीचे ओळखपत्र किंवा संमतिपत्राची प्रत तेथील डॉक्टरांना दाखवावी. रुग्णालयात भरती करण्याइतकी गंभीर घटना संशोधकाने 24 तासांच्या आत कळवायची असते. चाचणीदरम्यान झालेल्या इजेवर मोफत उपचार मिळतात; इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत ते थांबवता येत नाहीत.

चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचे सूत्र नियमांत दिलेले आहे. मूळ रक्कम 8 लाख रुपये असून वय आणि आजाराची जोखीम यांनुसार तिला गुणक लागतो. 65 वर्षांवरील व्यक्तीसाठी वयाचा गुणक सर्वांत कमी, म्हणजे एकास एक पडतो, आणि जोखमीचा गुणक अर्ध्यापासून चारपर्यंत असतो. त्यामुळे रक्कम साधारणपणे 4 लाखांपासून 32 लाखांपर्यंत होते. वृद्धाच्या जिवाची किंमत अशी कमी धरली जाते, हे मला पटत नाही. पण नियम आज असा आहे, आणि नॉमिनीने तो माहीत करून घ्यावा.

मध्येच सोडणे आणि शेवटची भेट

केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येते. मात्र गोळी घरच्या घरी अचानक बंद करू नये, कारण काही औषधे हळूहळू कमी करावी लागतात. शेवटच्या भेटीत तीन गोष्टी मागून घ्याव्यात: सगळ्या तपासण्यांचे अहवाल, आपल्याला कोणते औषध मिळत होते हे केव्हा कळणार याची माहिती, आणि पुढे नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायचे पत्र. औषधाचा चांगला गुण आला असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर संशोधकाच्या शिफारशीने आणि एथिक्स कमिटीच्या मान्यतेने ते चाचणीनंतरही मोफत मिळण्याची तरतूद नियमांत आहे. ही मागणी तोंडी न करता लेखी अर्ज देऊन करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.