टेप इको मशीन उघडताय? या चुका टाळा

टेप इको म्हणजे गाण्याचा किंवा वाद्याचा आवाज टेपवर घेऊन थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारी मशीन. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टेप इकोंमध्ये सगळ्यात जास्त असते ती रोलँडची आरई-२०१, म्हणजे ‘स्पेस इको’. १९७४ मध्ये जपानी कंपनीने बाजारात आणलेली. हिच्यात रिळं नसतात. पाव इंची टेपचा एक बंद फेरा वरच्या उथळ खणात मोकळा पडलेला असतो आणि फिरत राहतो. एक हेड जुनं पुसतं, एक नवं लिहितं, आणि पुढची तीन हेडं थोड्या थोड्या अंतरावर तोच आवाज पुन्हा वाचतात. मशीन हातात आली की मी आधी स्क्रूंची डोकी बघतो. ती कुरतडलेली असतील तर आत कुणीतरी घाईने हात घातलाय हे नक्की, आणि मग मूळ बिघाडाआधी त्या माणसाने केलेला बिघाड शोधावा लागतो.

स्क्रूंचंच आधी सांगतो. जुन्या जपानी मशिनींमध्ये फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानक मापाचे असतात. काहींच्या डोक्यावर बारीकसा ठिपकाही दिसतो. आपला नेहमीचा स्टार ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण तळाला टेकत नाही. जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच गोल करून टाकतो. जेआयएस ड्रायव्हरचा एक छोटा संच घ्या. पैसे वसूल होतात.

उघडण्याआधी मशीन चालवून बघा. हे बहुतेक जण करतच नाहीत. गोल मोड स्विच ‘रिव्हर्ब ओन्ली’वर ठेवा. स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे टेपशिवाय स्प्रिंगमधून येणारी आवाजाची घुमी, नीट येतोय, म्हणजे पॉवर सप्लाय आणि इनपुट बरे आहेत. दोष टेपच्या बाजूला शोधायचा. मोटर फिरते पण टेप हलत नाही? मग पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, दाबला जातोय का ते पाहा. तो दाबणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेने खेचणारा दट्ट्या, अडकलेला असू शकतो. आवाज डुलतो, तर रोलरचं रबर कडक आणि चकचकीत झालंय का ते बघा. जुना आवाज पुसला जात नसेल तर इरेज हेड आणि त्याला सिग्नल देणारा ऑसिलेटर. पाच मिनिटांत एवढं कळतं आणि निम्म्या वेळा तळाचं झाकण उघडावंच लागत नाही.

एक गोष्ट मात्र मशीन चालू करण्याच्याही आधी: मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. थेट जपानहून आलेली मशीन १०० व्होल्टची असते. ती आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातली तर पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. आणि उघडायची असेल तर प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विचपर्यंतच्या वायरींमध्ये मेन्सचा करंट असतोच. व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या इकोंमध्ये तर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट साठून राहतात. तिथे डिस्चार्ज करून मीटरने मोजल्याशिवाय बोट घालू नका.

आता सगळ्यात महागडी चूक. हेडांच्या बाजूचे, लाखेचा किंवा रंगाचा थेंब दिलेले स्क्रू ‘सफाईसाठी’ सोडवायचे. ते स्क्रू हेडाचा कोन धरून असतात. तो केसभर हलला तरी वरच्या पट्टीतला आवाज जातो, आणि परत बसवायला टेस्ट टोन आणि भरपूर वेळ लागतो. हेड जागेवरच साफ होतं. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा आणि तपकिरी थर येईनासा होईपर्यंत पुसत राहा. रबरी रोलरला मात्र ते वारंवार लावू नका, रबर सुकतं. हेड डीमॅग्नेटाइज करायचं, म्हणजे त्यात साठलेलं चुंबकत्व काढायचं, तर मशीन बंद आणि टेप बाहेर.

त्याच काडीने एकदा मी टेपच्या खणावरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरलेल्या. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिक तडकतं हे तेव्हा कळलं, आणि ते झाकण परत मिळायला फार वणवण झाली. तिथे साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. कोरडं घासू नका, स्थिर वीज तयार होते आणि टेप झाकणाला चिकटून गुंता होतो.

नॉब पक्कडीने ओढू नका. आधी बाजूला बारीक स्क्रू आहे का बघा. नसेल तर खालून सुती पट्टी घालून सरळ वर उचला. खरखरणाऱ्या पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या कंट्रोलमध्ये) गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत पडून राहिलेल्या मशिनींना बऱ्याचदा तेवढंच हवं असतं. वायर कापू नका. फोटो काढा, खूण करा, मग सोल्डरचा डाग सोडवा. आणि एका दमात सगळे कपॅसिटर बदलायला निघू नका. एक बदला, चालवून बघा, मग दुसरा. नाहीतर नवा दोष कुठून आला ते सापडत नाही.

जुना फेरा काढताना त्याची कुठली बाजू हेडाकडे होती तेही फोटोत येऊ द्या. काही टेपांची पाठही काळी आणि खरखरीत असते, आणि हेडाकडची बाजू उलट गुळगुळीत. नवीन फेरा घातल्यावर इको दबका, घोंगडीतून आल्यासारखा वाटला, तर ड्रायव्हर उचलण्याआधी टेप उलटी तर बसली नाही ना, एवढं बघा.