सीझनच्या आधी टायर टेस्टिंग आणि सेटअप कसं करायचं

टेस्टिंगचा दिवस मिळाला की बहुतेक जण पहिल्या सेशनपासूनच लॅप टाइमच्या मागे लागतात, आणि संध्याकाळी हातात एक भारी टाइम असतो पण तो नेमका कशामुळे आला ते कुणालाच सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की त्या दिवशी स्टॉपवॉचपेक्षा टायरकडे जास्त बघायचं.

आधी बेसलाइन, म्हणजे पुढचा प्रत्येक बदल ज्याच्याशी ताडून बघायचा तो सुरुवातीचा सेटअप, पक्की करा. गाडी एकदम सपाट जागी उभी करायची, ड्रायव्हर सीटवर, टाकीत रनला (सलग काही लॅप) ठेवणार तेवढंच फ्युएल, आणि मग राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा तिरकेपणा), टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलेली), अँटी रोल बार (वळणावर गाडी कलणं कमी करणारा दांडा), विंगचा अँगल, डँपरचे क्लिक (शॉक अॅब्सॉर्बर किती कडक ठेवलाय), सगळं वहीत लिहून घ्यायचं. फ्युएलचं वजन हलक्यात घेऊ नका. फॉर्म्युला वनमध्ये १० किलोमागे लॅपला साधारण ०.३ सेकंद जातात असं धरतात, म्हणजे विंग बदलली आणि त्याच वेळी टाकीही हलकी झाली तर फायदा कशाचा झाला ते कळायचा काही मार्गच उरत नाही.

प्रेशर सावलीतच भरा. गाडीची एक बाजू उन्हात असली की त्या बाजूचे टायर आधीच तापलेले असतात, गेजवर चारही आकडे बरोबर दिसतात आणि ट्रॅकवर गेल्यावर डावं उजवं वेगळं वागतं, मग लोक उगाच सस्पेन्शनमध्ये दोष शोधत बसतात. टायर १० डिग्री सेल्सियसने तापला की प्रेशर साधारण १ ते १.५ पीएसआयने वाढतं, त्यामुळे टायर कंपनीने सांगितलेलं गरम प्रेशर (टायर तापल्यावरचं) कितीवर येतंय ते बघायचं आणि त्यावरून थंड प्रेशर (निघण्याआधी भरायचं) ठरवायचं.

आता सगळ्यात कामाचं, टेंपरेचर. सुई असलेला प्रोब वापरा. इन्फ्रारेड गन फक्त वरचा थर दाखवते आणि तो पिटलेनमधून (ट्रॅकवरून गॅरेजकडे यायचा रस्ता) येईपर्यंतच थंड होतो. कूल डाउन लॅप (शेवटची हळू लॅप, तिच्यात टायर थंड होतात) न मारता सरळ आत यायचं (पिटलेनचा स्पीड लिमिट पाळूनच), आणि प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य, बाहेरची कड अशी तीन रीडिंग घ्यायची, सुरुवात कायम सर्वात जास्त लोड येणाऱ्या चाकापासून आणि क्रम दर वेळी तोच. मध्य जास्त गरम असेल तर प्रेशर जास्त आहे, दोन्ही कडा गरम आणि मध्य थंड तर प्रेशर कमी. आतली कड थोडी गरम असणं ठीक, पण फारच गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) कमी करा, बाहेरची गरम असेल तर वाढवा.

बदल एका वेळी एकच, आणि बदलानंतर पुन्हा बेसलाइनवर येऊन रन मारायचाच. कंटाळा येतो, टायर खर्च होतात, मान्य आहे, पण दिवसभरात ट्रॅकवर रबर साचत जातं, ऊन बदलतं, आणि गाडी सेटअपमुळे फास्ट झाली की ट्रॅकमुळे हे बाकी कशानेच कळत नाही. बहरीनला फॉर्म्युला वनचं टेस्टिंग होतं तेव्हाही दुपारचे टाइम आणि संध्याकाळचे टाइम शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही, कारण रेस रात्री असते आणि तिथला ट्रॅक दुपारी वेगळाच असतो.

ड्रायव्हरला "गाडी कशी आहे" असं मोघम विचारू नका. कॉर्नरमध्ये शिरताना, मधोमध, बाहेर पडताना, तिन्हीचं वेगळं उत्तर घ्या, आणि तेही त्याला टाइम सांगायच्या आधी. अंडरस्टिअर (स्टिअरिंग वळवूनही गाडी पुरेशी न वळणं) फक्त फास्ट कॉर्नरला असेल तर विंगकडे बघा, स्लो कॉर्नरलाही असेल तर पुढचा अँटी रोल बार सॉफ्ट करून बघा.

लाँग रननंतर टायरवर हात फिरवून बघा. पृष्ठभागावर रबराचे बारीक गोळे, खरखरीत वळ्या दिसल्या तर ते ग्रेनिंग, बहुतेकदा टायर पुरेसा न तापता घसरतोय. खड्डे किंवा फोड दिसले तर ब्लिस्टरिंग, आतून जास्त तापलाय. दोन्हीत ग्रिप जाते पण उपाय उलटे आहेत, म्हणून आधी नीट ओळखा.

शेवटचं सेशन नवीन प्रयोगाला वापरू नका. दिवसभरात जे जे चांगलं निघालं ते सगळं एकत्र लावून रेसएवढ्या फ्युएलवर पूर्ण रन मारा, कारण दोन बदल वेगवेगळे चांगले वाटले तरी एकत्र तसेच वागतील असं नाही, आणि आत आल्यावर पुन्हा तीच बारा रीडिंग घ्या.