लंबगोल मैदानात आयत आखताना

जून महिन्यातला शुक्रवार. मेलबर्नमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळा, पाच वाजले की अंधार पडायला लागतो. माझ्या एका हातात रंगाचा डबा बसवलेली ढकलगाडी, दुसऱ्या हातात सुतळीचं रीळ आणि समोर नगरपालिकेचं भलंमोठं लंबगोल मैदान. त्यात मला रग्बी लीगच्या सामन्यासाठी १०० मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आयत आखायचा होता. आखला. लांब जाऊन पाहिलं तर नववीच्या भूमितीतला समांतरभुज चौकोन झाला होता, चांगला एका बाजूला कललेला.

आमच्या क्लबच्या आंटी माझ्याकडे बघून हसल्या. (इथले सामोअन आणि माओरी लोक वडीलधाऱ्यांना अंकल-आंटीच म्हणतात, त्यामुळे आपल्याला पहिल्या दिवसापासून जीभ अडखळत नाही.) त्यांचे मिस्टर बांधकामावर सुतार. त्यांनी काही न बोलता सुतळीवर एकामागोमाग ३, ४ आणि ५ मीटर अंतर सोडत गाठी मारल्या, त्रिकोण ताणून कोपऱ्यात काटकोन धरून दिला आणि म्हणाले, आता ओढ. आमच्या गावचा गवंडी गुण्या लावतो, तीच गोष्ट. क्रीडा व्यवस्थापनातल्या मास्टर्सच्या फीमध्ये हे शिकवलेलं नव्हतं.

‘ताई, ऑस्ट्रेलियात खेळाच्या क्षेत्रात नोकरी मिळते का?’ असं अलीकडे बरेच जण विचारतात. मिळते. पण आधी मी कुठल्या खेळात आणि कुठे पडले ते सांगते, कारण उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखान्यावरची रग्बी डोळ्यांसमोर येते. ती रग्बी युनियन. मी काम करते ते रग्बी लीगमध्ये. तेरा-तेरा खेळाडू, आणि चेंडू हातात असताना सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू समोरच्याला द्यायचा. हे दोन खेळ वेगळे झाले त्याचं मूळ मला फार आवडतं. २९ ऑगस्ट १८९५ ला इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी मूळ संघटनेतून फारकत घेतली. तिथले खेळाडू गिरण्यांत, खाणींत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा तर खाडा पडायचा. क्लब म्हणत होते, खाड्याचे पैसे भरून देऊ. संघटना म्हणत होती, खेळ हौसेचा आहे, पैसे घ्यायचे नाहीत. ज्यांच्या घरी खाड्याने चूल अडत नाही अशांनाच हे म्हणणं परवडतं. पुढे १९०६ ला पंधराचे तेरा खेळाडू झाले आणि पाडल्यावर उठून पायाने चेंडू मागे सारायची पद्धत आली.

म्हणजे हा खेळ लँकेशर-यॉर्कशरच्या गिरणगावांचा. ऑस्ट्रेलियात १९०८ पासून सिडनीच्या कामगारवस्त्यांचा, मग क्वीन्सलंडचा. या दोन पट्ट्यांत तो घरचा आहे. बाहेर पडला की बहुतेक ठिकाणी पाहुणा.

आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसं ऑस्ट्रेलियात एका रेषेपलीकडे ‘फूटी’ या शब्दाचा अर्थच बदलतो. सिडनीत फूटी म्हणजे रग्बी लीग, मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे इथला स्वतःचा वेगळाच फुटबॉल. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये रॉन बरासी या रूल्सच्या खेळाडूच्या नावावरून या काल्पनिक रेषेला ‘बरासी लाइन’ असं नाव दिलं. मेलबर्न त्या रेषेच्या अगदी चुकीच्या बाजूला आहे, निदान माझ्या नोकरीच्या दृष्टीने. मैदानं लंबगोल असतात ती त्याचमुळे: उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात रूल्स, दोन्हींना गोलच चालतं. बऱ्याच मैदानांच्या मध्यभागी क्रिकेटची सिमेंटची खेळपट्टी असते, आणि तिच्यावर कुणाला पाडायचं म्हणजे हाडवैद्याची सोय. त्यामुळे ती टाळून आयत कुठल्या कडेला सरकवायचा हा दर हंगामातला पहिला वाद.

या शहरात १९९८ मध्ये मेलबर्न स्टॉर्म हा रग्बी लीगचा व्यावसायिक संघ आला. दुसऱ्याच वर्षी, १९९९ मध्ये, मध्यांतराला ०-१४ असे मागे असताना ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना २०-१८ ने जिंकला. सिडनीतल्या त्या सामन्याला १,०७,९९९ माणसं होती. पुढे खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा ओलांडल्याबद्दल २०१० मध्ये त्यांची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली, तरी संघ पुन्हा उभा राहिला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झालं की, खेळ रुजला! मलाही तसंच वाटलं होतं. पण स्टॉर्मचे गाजलेले तिघं, कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर आणि कूपर क्रॉंक, तिघेही क्वीन्सलंडचे. रोप बाहेरून आणून कुंडीत लावलं होतं. स्टेडियम भरतं, आणि तिथून दहा किलोमीटरवर अकरा वर्षांखालच्या मुलांचा संघ पूर्ण करायला आम्ही पालकांना फोन करत बसतो.

कुंडीतली सगळीच रोपं जगतात असंही नाही. ॲडलेडचा संघ १९९७ आणि १९९८ असे दोन हंगाम खेळून बंद झाला. पर्थचा १९९५ ते १९९७, त्या शहराला आता २०२७ मध्ये दुसरी संधी मिळणार आहे. पॅरिसचा संघ १९९६ ला मोठ्या थाटात सुरू झाला आणि दुसऱ्या वर्षाअखेर संपला. टोरंटोचा २०१७ ला तळाच्या विभागात सुरू होऊन २०२० ला इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेत पोचला आणि कोविडच्या त्याच वर्षी अर्ध्यातून बाहेर पडला. याउलट दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्याचा कॅटलान्स ड्रॅगन्स त्याच इंग्लिश स्पर्धेत २००६ पासून टिकला, २०१८ मध्ये चॅलेंज कप ही तिथली बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकला. कारण तिथे हा खेळ १९३० च्या दशकापासून गावागावांत होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने बंदी घालून मालमत्ता जप्त केली, तरी लोकांनी सोडला नाही. मुलाखतीत तुम्हाला ‘विस्तार’ या विषयावर विचारलं तर अमेरिकेत लास वेगासला नेऊन खेळवलेल्या सामन्यांबद्दल बोलू नका, पर्पिन्याबद्दल बोला. समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकतो, हे मी पाहिलंय.

मेलबर्नमध्ये खरी मुळं आहेत ती पश्चिमेच्या आणि आग्नेयेच्या उपनगरांत. सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, न्यूझीलंडहून आलेली कुटुंबं कामासाठी इथे आली आणि खेळ सामानाबरोबर घेऊन आली. इथेच लहानाचा मोठा झालेला टोंगन वंशाचा माहे फोनुआ २०१२ मध्ये स्टॉर्मकडून खेळला, तेव्हा या क्लबांमध्ये त्याचं केवढं अप्रूप वाटलं ते आंटींच्या तोंडून ऐकावं.

आता माझी पहिली चूक. मी सांगली जिल्ह्यातली, बारावीपर्यंत कबड्डी खेळले, डावा कोपरा. वाटलं, पकड येते म्हणजे निम्मं काम झालं. एका शाळेत पहिलं सत्र घ्यायला गेले आणि नऊ वर्षांच्या मुलांना नियम समजावत बसले. सात मिनिटांत निम्मी मुलं गवत उपटत होती. माझ्याबरोबरच्या प्रशिक्षकाने शिट्टी मारली, सगळ्यांच्या कमरेला टॅगचे पट्टे बांधले (दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या कापडी पट्ट्या, त्या ओढल्या की पाडलं असं धरायचं), चेंडू हवेत फेकला आणि ओरडला, पळा! नियम त्याने खेळता खेळता एकेक करून सांगितले. शाळेतल्या अशा सत्रांत टॅकल, म्हणजे धरून पाडणं, नसतंच, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. मोठ्यांच्या सरावात मी घोटा धरायला कबड्डीच्या सवयीने डोकं पुढे घालून झेपावले. प्रशिक्षक धावत आला. कबड्डीत चढाई करणारा वळत, हुलकावण्या देत येतो. इथे नव्वद किलोचा माणूस सरळ धावत येतो आणि त्याचा गुडघा तुमच्या कानशिलावर बसतो. डोकं नेहमी त्याच्या पाठीमागच्या बाजूला, आपला गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. मुलांना हे सांगितलं की ती खो खो हसतात, आणि म्हणूनच विसरत नाहीत.

पश्चिमेकडच्या टार्नीट, ट्रुगनिना या भागांत आपली माणसं भरपूर. क्लबने माझ्याकडून न बोलता अपेक्षा धरली की मी ‘इंडियन पालक’ आणीन. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात टेबल मांडून बसले. बाबा लोक थांबायचे, स्टॉर्मबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि निघून जायचे. निर्णय आयांच्या हातात होता आणि त्यांचे प्रश्न ठरलेले: लागतं का? दात पडतात का? शनिवारी सकाळी मराठी शाळा असते, मग? मी सुरुवातीला शौर्य, शिस्त, सांघिक भावना असलं काहीतरी बोलायचे. एका काकूंनी मला मध्येच थांबवून विचारलं, ‘ते सगळं खरं गं, पण सामना किती वाजता संपतो?’

तेव्हापासून मी वेळापत्रक छापून नेते. क्रिकेटशी भांडत नाही, कारण ते उन्हाळ्यात असतं. हिवाळ्यात मुलगा घरात मोबाइल घेऊन बसतो, त्या मोबाइलशी माझी स्पर्धा. नियम विचारले तर सांगते, ओव्हरसारखं आहे हो: सहा चेंडू तुमचे, मग समोरच्याचे. फक्त शेवटच्या चेंडूला बहुतेक वेळा लाथ मारून तो लांब पाठवतात. एवढ्यावर आजीसुद्धा सामना बघू शकते. आणि मैदानाकडेच्या सॉसेजच्या शेगडीवर शाकाहारी सॉसेज त्याच जाळीवर भाजलं जातंय हे एका आईने पाहिलं, त्या दिवशी मी घरून वेगळा तवा नेला. आंटींनी विचारलं, यानं फरक पडतो? म्हटलं, नोंदणीच्या फॉर्मपेक्षा जास्त.

आता कामाचं. पदवीने दार उघडत नाही. तुम्ही कुठल्या क्लबात किती शनिवार उभे होतात ते विचारतात. आल्या आल्या ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ काढा. व्हिक्टोरियात स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो आणि पाच वर्षं चालतो, पण पगारी कामाला तो चालत नाही, तेव्हा पैसे भरून दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यावा लागतो. हे मला पहिल्या पगारी पाळीच्या आदल्या दिवशी समजलं आणि ती पाळी गेली. पाण्याची बाटली घेऊन मैदानात जाणाऱ्यालाही लीगसेफ हा मैदानावरच्या सुरक्षेचा छोटा कोर्स लागतो, तो करून टाका. पंचांचा कोर्सही करा. पंचांची कायम चणचण असते आणि दर सामन्याचे पैसे मिळतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. शाळेतली सत्रं, पंचगिरी आणि दुकानातली पाळी मिळून ती कधी ओलांडली जाते कळत नाही, म्हणून तासांची वही ठेवा. गाडी चालवता येत नसेल तर शिका. चेंडूंच्या दोन जाळ्या, शंकू आणि टॅगचे पट्टे घेऊन तीन बस बदलायचा प्रयोग मी केलाय.

नोकऱ्या कुठल्या? शाळांतून खेळ नेणारे विकास अधिकारी, स्पर्धांचं वेळापत्रक आणि नोंदणी सांभाळणारे, सामन्याच्या दिवसाचं व्यवस्थापन, तिकिटं, आकडेवारी. सुरुवात जवळपास सगळ्यांची तासांवर होते आणि हंगाम संपला की काम आटतं. डिसेंबर-जानेवारीचं भाडं आधी बाजूला काढून ठेवा. एका संस्थेत मला तीन महिने ‘अनुभव’ म्हणून फुकट राबवून घेतलं आणि जागा निघाली तेव्हा फोनही आला नाही. क्लबात स्वयंसेवा करणं वेगळं, दुसऱ्याच्या पगारी माणसाचं काम फुकट करणं वेगळं. हा फरक लवकर ओळखा.

सध्याची नोकरी मिळाली त्या मुलाखतीत मी सुंदर आलेख नेला होता: पहिल्या दिवशी किती मुलं आली, कुठल्या शाळेतून. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तो बाजूला सरकवला आणि विचारलं, तिसऱ्या आठवड्याला किती होती? माझ्याकडे आकडा होता, कारण आंटी दर आठवड्याला हजेरी वहीत लिहायला लावायच्या. बावीस आली होती, नऊ राहिली होती. मला लाज वाटली. बाई म्हणाल्या, या नऊ जणांची नावं सांगता येतील? सांगितली. आडनावांसकट, आणि कुणाला कोण सोडायला येतं तेही.

यंदाची नोंदणी फेब्रुवारीत सुरू झाली. पहिल्या शनिवारी टेबलावर त्या काकू आल्या, मुलाला घेऊन. ‘मराठी शाळा साडेअकराची झालीय,’ म्हणाल्या. ‘माउथगार्ड कुठे मिळतो?’ केमिस्टकडे, काकू. गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि दातांवर दाबून बसवायचा. आणि मोठा घेऊ नका, वाढत्या अंगाचा म्हणून.