ड्रॉइंग ‘दिसत’ नाही? बटाटा घ्या

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी माझी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि परीक्षा पुन्हा द्यायची वेळ आली. शीट्स मात्र सगळ्या वेळेवर सबमिट झाल्या होत्या. हॉस्टेलवर काचेखाली बल्ब लावून रात्रभर जीटी मारलेली, म्हणजे ग्लास ट्रेसिंग: दुसऱ्याची शीट खाली ठेवून गिरवायची. परीक्षेच्या हॉलमध्ये काच नसते.

वर्गातली काही पोरं प्रश्न वाचून थेट पेन्सिल चालवायची. त्यांना वस्तू मनात दिसते, आपल्याला दिसत नाही, असं म्हणून मी मोकळा झालो होतो. केटीच्या तयारीला घरी आलो आणि अभ्यास सुरू झाला आईच्या ओट्यावर.

बटाट्याचा सगळ्या कडा सारख्या असलेला चौकोनी ठोकळा कापायचा. तो तिरका कापला तर आतला काप कोणत्या आकाराचा निघेल, हे आधी वहीत काढायचं आणि मगच सुरी लावायची. क्रम उलटला तर नुसती भाजी होते. कोपरा छाटला की त्रिकोण, हे कुणालाही येतं. पण एकमेकांपासून सगळ्यात लांबचे दोन कोपरे धरा, आणि त्यांना न टेकणाऱ्या सहा कडांच्या बरोबर मध्यातून सुरी न्या. मी वहीत चौकोन काढला होता. निघाला षटकोन, सहाही बाजू सारख्या! पुढे गाजर, काकडी: सरळ कापली की वर्तुळ, तिरकी कापली की लंबवर्तुळ. त्या आठवड्यात घरी रोज बटाट्याची भाजी होती.

‘टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसणारं चित्र, खाली का काढायचा?’ इथे अडलेल्यांनी वही उघडून एक पान भिंतीला उभं टेकवावं, दुसरं टेबलावर आडवं. आडव्या पानावर काडेपेटी ठेवा. समोरून दिसते तशी मागच्या पानावर काढा, वरून दिसते तशी खालच्या पानावर. आता पेटी उचला आणि आडवं पान खाली झुकवून दोन्ही पानं सपाट करा. टॉप व्ह्यू आपोआप फ्रंट व्ह्यूच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्राच्या, खाली आला. मधली घडी म्हणजे एक्सवाय रेषा. हा फर्स्ट अँगल, आपल्याकडे शिकवतात तो. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, त्यात टॉप व्ह्यू वर असतो.

हा फरक मला महागात पडून कळला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग मी सवयीने फर्स्ट अँगलमध्ये वाचलं. उजवीकडचं भोक डावीकडे गेलं, चाळीस ब्रॅकेट भंगारात. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत, कोणता अँगल ते सांगणारं छाटलेल्या शंकूचं चिन्ह होतं, मी तिकडे बघितलंच नव्हतं.

वेळ लागतो म्हणून स्वतःला मठ्ठ समजू नका. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या चित्रांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, वस्तू एकच की वेगळी? दोन चित्रांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त, तोही सरळ प्रमाणात. म्हणजे आपण वस्तू मनात जणू खरोखरच फिरवतो. फिरवायला वेळ लागणारच.

हल्ली कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, मॉडेल माऊसने गरकन फिरतं, त्यामुळे डोकं आळशी होतं. माऊस हलवण्याआधी मागची बाजू कशी असेल ते पुटपुटायचं, एवढं मी अजून करतो. रिक्षातून उतरल्यावर आलेला रस्ता मनात उलटा चालून बघणं, हेही जमेल तसं.

दिवाळीला कंदील करणार असाल तर कामट्यांचे सहा सारखे चौकोन करा आणि कोपऱ्याला कोपरा बांधा. बांधण्याआधी डोळे मिटून सांगा, मध्ये आपसूक किती त्रिकोण तयार होतील? वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवला तर पतंगाच्या कागदाचे किती तुकडे लागतील? गेल्या वर्षी माझी भाची ‘आठ’ आणि ‘बारा’ म्हणून मोकळी झाली. मी अजून बोटं मोजत होतो.