इंग्लंडच्या पॅरिशमध्ये रुजताना: नव्याने आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी

जय ख्रिस्त. अहमदनगरच्या मंडळीत वाढलेली मी परिचारिका म्हणून इंग्लंडला आले, त्याला आता 22 वर्षे झाली. नगर, पुणे, सोलापूर अशा ठिकाणांहून नव्याने आलेली कुटुंबे भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: इथे मराठी उपासना कुठे होते? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि अशी सहभागिता जवळपास असेल तर तिथे अवश्य जावे. तरीही माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की ज्या भागात तुम्ही घर घ्याल तिथल्या पॅरिशचे, म्हणजे त्या वस्तीच्या स्थानिक मंडळीचे, चर्च आधी शोधा आणि ते आपले माना. महिन्यातून एकदा दूरचा प्रवास करून रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गायल्याने मन भरून येते, हे मी अनुभवाने जाणते. पण ज्यांना तुमचे आजारपण, तुमच्या मुलांच्या परीक्षा आणि रविवारची तुमची रिकामी जागा लक्षात येते, अशा माणसांमध्येच शिष्यत्व वाढते, आणि ती माणसे चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागतात.

आपल्यापैकी पुष्कळ जण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला ज्या मंडळ्या एक झाल्या त्यांत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, मंडळीही होती आणि आपली संयुक्त मंडळी आजही जगभरच्या अँग्लिकन परिवाराची सदस्य आहे. त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडच्या वेदीपाशी तुम्ही परके ठरत नाही. येताना आपल्या पाळकांचे शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला आणि दृढीकरण झाले असल्यास त्याचाही दाखला सोबत आणावा. पहिल्याच रविवारी उपासनेनंतर व्हिकरना, म्हणजे पॅरिशच्या पाळकांना, भेटून आपण कोण, कुठून आलो, हे सांगावे. इथे त्यांना नावानेच हाक मारतात. आपल्या जिभेला ते जड जाते, पण त्यात अनादर नाही.

नगरकडची उपासना अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची असल्यामुळे आपल्याला दीर्घ उपदेशाची आणि मनातून उमटलेल्या प्रार्थनेची सवय असते. इथे उपदेश बहुधा पंधरा मिनिटांच्या आत संपतो आणि प्रार्थना छापील पुस्तिकेतून म्हटल्या जातात; काही ठिकाणी सकाळी आठच्या उपासनेत 1662 च्या प्रार्थनापुस्तकाची भाषा अजून ऐकू येते. सुरुवातीला मला यात कोरडेपणा वाटला. पुढे वडील गेल्याची बातमी आली आणि स्वतःचा एकही शब्द सुचेना, तेव्हा याच पाठ झालेल्या प्रार्थनांनी मला धरून ठेवले. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत तुलना करू नये, एवढीच विनंती.

माझी खरी चूक वेगळीच होती. पहिली दोन वर्षे मी मागच्या बाकावर बसत असे आणि आशीर्वचन झाले की कॉफीला न थांबता घरी निघत असे. मला कोणी विचारत नाही, अशी तक्रार मनात होती. पण विचारायला मी कोणाला वेळच देत नव्हते. अखेर एका वयस्क बाईंनी दारातच थांबवून मला बुधवारच्या गृहगटाला बोलावले. आठ-नऊ माणसे कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, शास्त्रातील एक उतारा वाचतात, त्यावर बोलतात आणि एकमेकांसाठी प्रार्थना करतात. संडे स्कूलच्या कृपेने वचने मला तोंडपाठ होती. त्या संध्याकाळी क्षमेविषयीचा उतारा वाचून झाल्यावर त्या बाईंनी शांतपणे विचारले की या आठवड्यात हे कोणाच्या बाबतीत करायचे आहे. कामावरच्या एका सहकारी बाईंवर मी वर्षभर राग धरून होते. तो राग मी तिथे पहिल्यांदा मोठ्याने कबूल केला, आणि पुढच्या बुधवारी सगळ्यांनी आठवणीने विचारले, बोललात का त्यांच्याशी? मी बोलले नव्हते. त्यानंतरच्या बुधवारपर्यंत मात्र बोलले. वचन पाठ असणे आणि वचनाखाली जगणे यांतले अंतर मला त्या खोलीत कळले. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की गृहगट नंतर पाहू, असे म्हणू नका. निदान राखेच्या बुधवारनंतर उपवासकाळात जे अभ्यासवर्ग भरतात त्यांना तरी जा.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा बाप्तिस्मा याच देशात, वाँटेज गावी, 29 सप्टेंबर 1883 रोजी झाला. ज्या भगिनीसंघाने त्यांना आसरा दिला त्याच्याच सिस्टर पुण्यातही काम करीत होत्या. त्या सिस्टरांशी रमाबाईंनी सिद्धान्तांवर पत्रांतून कसून वाद घातला, पण नाते तोडले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. तेव्हा गृहगटात शंका विचारायला संकोचू नका आणि वाढीला वर्षे लागली तर खचू नका.

सहा महिने नियमित उपासना झाली की मंडळीच्या मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी अर्ज द्यावा; बाप्तिस्मा झालेला आणि वय किमान 16 वर्षे, एवढे पुरते. ही यादी दर सहा वर्षांनी नव्याने होते आणि तेव्हा पुन्हा अर्ज करावा लागतो. दान देताना तुम्ही इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडचा अर्ज भरा, म्हणजे तुमच्या प्रत्येक पौंडामागे चर्चला सरकारकडून 25 पेन्स मिळतात. एखादी लहान सेवा लवकर मागून घ्या: फुले, वाचन, कॉफीची भांडी. मुलांमध्ये काम करायचे असेल तर पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण आवश्यक असते. तो अविश्वास समजू नये, मुलांच्या रक्षणासाठी ते सर्वांनाच लागू आहे. रविवारी ड्यूटी येणाऱ्यांनी आठवड्यातल्या प्रभुभोजनाची चौकशी करावी. अनेक पॅरिशमध्ये ते असते.

घरातली कौटुंबिक प्रार्थना मात्र मराठीतच ठेवा. मुले चर्चमध्ये इंग्रजीत शिकतील, पण आजीबरोबर फोनवर प्रार्थना करायची तर प्रभूची प्रार्थना त्यांना मराठीतूनच यायला हवी. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला अनेक चर्चमध्ये प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय निरनिराळ्या भाषांत वाचतात. आमच्याकडे गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीने तो मराठीत वाचला. तुम्हालाही वाचायचा असेल तर व्हिकरना दोन-तीन आठवडे आधी सांगा, कारण वाचकांची यादी लवकर ठरते.